पाच शिलिंगांचा बिछाना



गाडी डोळ्यांदेखत धडधडत निघून जाते आणि आपण फलाटावर उभे राहतो, हा अनुभव नाहूरच्या माणसास कोणी समजावून द्यावा लागत नाही. भांडुप आणि मुलुंड यांच्यामधले आपले हे स्थानक २००६ साली झाले. त्यापूर्वी इकडच्या कामगाराने भांडुपास नाही तर मुलुंडास उतरावयाचे आणि उरलेली वाट पायांनी तुडवावयाची. स्थानक झाले तरी जलद गाड्या येथे थांबत नाहीत. तेव्हा गाडीतून उतरविल्या गेलेल्या एका उतारूची हकीकत सांगण्यास नाहूर ही जागा काही वाईट नव्हे.

हकीकत दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीच्या राजधानीची आहे. (ख्रिस्तजन्माच्या सणाला, १४९७ साली, वास्को द गामाच्या दृष्टीस तो किनारा पडला, म्हणून वसाहतीचे नाव नाताळ.) गावाचे नाव पीटरमॅरित्सबर्ग; बोलण्यात नुसते मॅरित्सबर्ग. तारीख ७ जून १८९३. उतारूचे नाव मोहनदास करमचंद गांधी, वय वर्षे २३, धंदा बॅरिस्टरीचा, आणि तोही मुंबईत न चाललेला. तुम्ही म्हणाल, ही गोष्ट आम्ही शाळेच्या पुस्तकापासून ऐकत आलो. खरे आहे. गोऱ्याने काळ्यास डब्यातून ढकलले आणि त्या रात्री महात्मा जन्मास आला, एवढे सर्वांस पाठ आहे. आम्हांसही तेवढेच पाठ होते. आमचे शाळेचे शिक्षण दहावीस थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीतल्या एका पुस्तकांच्या कपाटापुढे. त्या कपाटात गांधींचे आत्मचरित्र होते, आणि ते वाचताना आमचे बोट ज्या ओळीवर अडले ती धक्क्याची ओळ नव्हती. ती बिछान्याची होती.

हा बिछाना काय प्रकार, ते आधी सांगितले पाहिजे. दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या व्यापारी पेढीचा प्रिटोरियात ४०,००० पौंडांचा दावा चालला होता. त्या कामी एक वर्षासाठी १०५ पौंड, जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि राहण्याजेवण्याचा खर्च, या कराराने गांधी १८९३ च्या एप्रिलात मुंबईहून निघाले. आगबोटीत जागा नव्हती. डेकवर या, असे पेढीच्या माणसाने सांगितले, तर यांनी ते नाकारले आणि बोटीवर जाऊन चीफ ऑफिसरच्याच खोलीत एक जादा जागा मिळविली. वाटेत लामू, मोंबासा, झांझिबार करीत मे महिन्याच्या अखेरीस डरबनला उतरले. तेथून आठदहा दिवसांनी प्रिटोरियाकडे. तिकीट पहिल्या वर्गाचे. परंतु रात्री अंथरूण-पांघरूण हवे असेल तर त्याचे वेगळे पाच शिलिंग मोजावे लागत. अब्दुल्ला शेटनी आग्रह केला की बिछान्याचे तिकीट घ्या, हा काही हिंदुस्थान नव्हे, पैशाची ओढ करू नका. गांधींनी घेतले नाही. हट्टाने आणि ताठ्याने, आणि पाच शिलिंग वाचावे म्हणून, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात, आणि पाच शिलिंगांवर जीव! आम्हांस हा माणूस तेथे प्रथम ओळखीचा वाटला.

आता या पाच शिलिंगांचे मोल काय? पौंडाचे वीस शिलिंग. गांधींच्या मानधनाचे २,१०० शिलिंग. त्यांत पाच म्हणजे काहीच नाही. पण त्याच गाडीच्या दोन्ही अंगांस जे उसाचे मळे होते त्यांत राबणारे जे आपले लोक होते त्यांचा हिशेब घेऊ. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून ३४२ माणसे घेऊन डरबनला लागले, आणि तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख माणसे गिरमिटावर नाताळात नेली गेली. गिरमिट हा ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा आपल्या लोकांच्या तोंडी झालेला अवतार. पाच वर्षांचा करार. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दर वर्षास एक शिलिंग वाढ, म्हणजे पाचव्या वर्षी चौदा. काम सोडून गेला तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी गुन्हा, सरळ तुरुंग. मळ्यातल्या नव्या मजुरास त्या एका रात्रीच्या बिछान्यासाठी पंधरा दिवस ऊस तोडावा लागला असता. अर्थात त्यास तो बिछाना कोणी विचारीत नव्हते.

मॅरित्सबर्ग हे शांत गाव. १८३८ साली डच शेतकऱ्यांनी, म्हणजे बोअर लोकांनी, ते वसविले. पीट रेटिफ आणि गेरिट मॅरित्स या त्यांच्या दोन पुढाऱ्यांची नावे त्यास मिळाली. पाच वर्षांत इंग्रज आले आणि त्यांनी वसाहतच घेतली. लाल विटांच्या इमारती, कचेऱ्या, लष्कराची छावणी, चर्च. डरबनसारखी बंदराची गडबड नाही. अशा गावी उतारू सहसा आपल्या इच्छेने मुक्काम करीत नाही. गाडी थांबते, बिछाने देणारा नोकर फेरी मारतो, गाडी सुटते, एवढाच संबंध.

रात्री नऊच्या सुमारास गाडी तेथे आली. नोकराने विचारले, बिछाना पाहिजे? गांधी म्हणाले, माझा माझ्यापाशी आहे. तो गेला. मग एक उतारू आला, त्याने यांस खालपासून वरपर्यंत न्याहाळले, आणि जाऊन दोन अंमलदार घेऊन आला. पुढचे तुम्हांस ठाऊक आहे. शेवटच्या डब्यात जा, तिकीट पहिल्या वर्गाचे आहे, असू दे, जा, जाणार नाही. शिपायाने हात धरून खाली काढले, सामान काढले, गाडी निघून गेली. दुसऱ्या डब्यात बसण्याचे गांधींनी नाकारले, म्हणून ते स्टेशनावर राहिले, हे लक्षात ठेवावे. त्यांस गावात कोणी अडकविले नव्हते. शेवटच्या डब्यातून ते दुसऱ्या दिवशी बिनतक्रार पुढे पोहोचले असते, आणि त्या काळी आपले पुष्कळ लोक तसेच पोहोचत होते.

जून म्हणजे तिकडचा हिवाळा, आणि गाव उंचावर. वेटिंगरूममध्ये दिवा नाही. ओव्हरकोट सामानात, सामान रेल्वेच्या ताब्यात. मागावयास जावे तर पुन्हा अपमान होईल, म्हणून मागितला नाही. रात्रभर कुडकुडत बसले. मध्यरात्रीच्या सुमारास एक उतारू त्या खोलीत आला, त्यास बहुधा बोलावयाचे होते. पण यांची बोलण्याची मनःस्थिती नव्हती. परत जावे, की प्रिटोरियास जाऊन खटला आटोपून मग परतावे, की राहून या रोगाच्या मुळाशी जावे, असा विचार चालला होता. आम्ही संपाच्या काळात अशा रात्री काढल्या आहेत. त्यांचे वर्णन करण्याचा मोह आवरतो. थंडी वाजत असता मनुष्य फार उदात्त विचार करतो यावर आमचा फारसा विश्वास नाही. बहुतेक वेळ तो ओव्हरकोटाचा विचार करतो. गांधींनीही तो कोट आपल्या हकिकतीतून वगळला नाही, हे त्यांचे मोठेपण.

सकाळी त्यांनी रेल्वेच्या जनरल मॅनेजरास लांबलचक तार केली, आणि अब्दुल्ला शेटना दुसरी. शेटनी मॅनेजरची गाठ घेतली आणि मॅरित्सबर्गच्या हिंदी व्यापाऱ्यांस तार केली. ते व्यापारी स्टेशनावर आले. त्यांनी सांत्वन कसे केले? आपापल्या हकिकती सांगितल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्गाने जाणाऱ्या हिंदी माणसाने हे गृहीतच धरले पाहिजे, असे ते म्हणाले. सारा दिवस या गोष्टी ऐकण्यात गेला. आमच्या मते त्या मुक्कामातला मोलाचा भाग तो दिवस होय, रात्र नव्हे. अपमान एकट्याचा असतो तोवर तो मनास खातो. दहा जण येऊन ‘आमचेही असेच झाले’ म्हणतात तेव्हा त्याची मागणी होऊ लागते. गेट-मीटिंगमध्ये हेच घडताना आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

संध्याकाळची गाडी आली. तीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली होती. आणि डरबनला जे घेतले नव्हते ते बिछान्याचे तिकीट त्यांनी मॅरित्सबर्गला विकत घेतले! पाच शिलिंग वाचले नाहीत ते नाहीतच. गाडीने त्यांस चार्ल्सटाउनला नेले. पुढे घोड्यांच्या गाडीत मार खावा लागला तो प्रसंग वेगळा. त्याची येथे जरुरी नाही.

एक गोष्ट मात्र बोलून टाकली पाहिजे. त्या पहिल्या वर्गाच्या डब्यातून आफ्रिकेच्या मूळच्या मनुष्यास कोणी ढकलून दिले अशी कथा त्या दिवसांत ऐकू येत नाही, कारण त्या डब्याच्या पायरीपर्यंत येण्याचीच त्यास सोय नव्हती. आणि तरुण गांधींस हे दिसत नव्हते. आम्हांस या लोकांच्या पंक्तीस बसवितात, अशी तक्रार त्यांनी त्या काळी लिहून केलेली आहे, आणि तीत त्या लोकांविषयी वापरलेले शब्द आज वाचवत नाहीत. ही गोष्ट झाकून ठेवावी असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. कायम कामगाराने कंत्राटी कामगाराविषयी, आणि कंत्राटीने नाका कामगाराविषयी, काय काय बोललेले आम्ही या कानांनी ऐकले आहे. आणि ते बोलणारे आमचेच चांगले कार्यकर्ते होते.

आता पाच शिलिंग पुन्हा येतात. २२ ऑगस्ट १८९४ रोजी डरबनला नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. चिटणीस गांधी. सभासदाची वर्गणी किमान किती ठरली? महिना पाच शिलिंग. वर्गणी गोळा करण्यात हा मनुष्य मोठा खमक्या. टोंगाट येथे एका सावकार यजमानाकडून सहा पौंडांची अपेक्षा. तो तिनाच्या वर जाईना. मंडळी भुकेली, ताटे तयार. पण सहा पौंड मिळाल्यावाचून जेवावयाचे नाही, म्हणून सारी रात्र बसून राहिली. पहाटे सहा पौंड मिळाले, मग जेवण. हिशेब पैन्पै लिहिलेला, पावती दिल्यावाचून पैसा घ्यावयाचा नाही. संघटनेचे हे शास्त्र ज्यास कंटाळवाणे वाटते त्याने संघटना करू नये.

परंतु महिना पाच शिलिंग वर्गणी म्हणजे दहा शिलिंग मिळविणारा मजूर दाराबाहेर. गांधींनीच हे कबूल केले आहे की गिरमिटातले मजूर काँग्रेसच्या कक्षेबाहेर राहिले, काँग्रेस त्यांची झाली नव्हती, वर्गणी देऊन सभासद होणे त्यांस परवडण्याजोगे नव्हते. वकिली सुरू करून तीनचार महिने झाले असतील, तोच बालसुंदरम् नावाचा एक तामीळ गिरमिट्या फाटक्या कपड्यांनी, पुढचे दोन दात पडलेले, तोंडातून रक्त येत असलेले, फेटा हातात घेऊन रडत त्यांच्या दारी उभा राहिला. मालकाने मारले होते. गांधींनी त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे बदलून घेतला. ही बातमी मळ्यामळ्यांतून मद्रासपर्यंत गेली. पण त्यास काँग्रेसचा सभासद करता आले नाही. हा प्रश्न त्यानंतर एकोणीस वर्षे तसाच राहिला.

दरम्यान १८९५ साली नाताळ सरकारने कायदा केला की गिरमिट संपल्यावर जो मजूर हिंदुस्थानास परत जाणार नाही आणि नवे गिरमिटही करणार नाही, त्याने दर वर्षास ३ पौंड कर भरावा. मूळ बेत २५ पौंडांचा होता. तो व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिनने तीनावर आणला आणि त्यास संमती दिली, एवढी दया. १९०३ साली हाच कर सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांवरही बसला. आता पाहा: नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी, चौघांचे १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग. नवऱ्याची कमाई महिना चौदा शिलिंग धरली तर वर्षाची १६८. कमाईपेक्षा कर अधिक! ज्यास थोडेही गणित येते त्यास कळेल की असा कर पैसे मिळविण्यासाठी बसवीत नाहीत. एक तर पुन्हा गिरमिटात मान घाला, नाही तर चालते व्हा, एवढाच त्याचा अर्थ. झुलू लोकांवर झोपडीपट्टी आणि पुढे माणशी एक पौंड डोईपट्टी बसविली तीही याच हेतूने, की त्यांनी आपली शेते सोडून मजुरीस यावे. १९०६ चे बंबाथाचे बंड त्या डोईपट्टीतूनच पेटले.

यानंतर आपल्या कोकणचा माणूस या हकिकतीत येतो. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातले कोतळूक. थोरल्या भावाच्या पंधरा रुपये पगारातून आठ रुपये येत, त्यांवर शिकलेला मुलगा. पैशाची ओढ त्यांस कोणी शिकवावी लागली नाही. नाताळात मजूर धाडणे बंद करावे, असा ठराव त्यांनी २५ फेब्रुवारी १९१० रोजी वरिष्ठ कायदेमंडळात आणला, तो मंजूर झाला, आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी गिरमिट पद्धतच बंद करण्याचा ठराव आणला. त्यास २२ मते पडली आणि तो फेटाळला गेला. त्याच वर्षी, २२ ऑक्टोबरला, ते केपटाउनला उतरले.

थाट काय सांगावा! सरकारने त्यांच्या प्रवासास खास रेल्वेचा सलून दिला. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या लोखंडी रुळांवरून एका हिंदी माणसास उतरविले त्याच रुळांवरून आता एक हिंदी माणूस सरकारी सलूनमधून चालला. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणी पाहिल्या, जोहान्सबर्ग, मॅरित्सबर्ग, डरबन या गावी लोकांस भेटले. गांधी त्यांचे चिटणीस, स्वयंपाकी आणि धोबीही. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखल्यांपाशी होते, ते फार जपत. जोहान्सबर्गच्या मेजवानीस ते नेसावयाचे, पण चुरगळलेले. तुझ्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीपणावर नाही, अशा अर्थाचे गोखले बोलले. तरी गांधींनी ते इस्तरी करून दिले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्यांचेच ते उपरणे. या व्यासपीठावर ते आठवल्यावाचून कसे राहील?

जोहान्सबर्गला आणखी एक गंमत झाली. तेथे कोकणी मुसलमान बरेच होते, थोडे महाराष्ट्रीय हिंदूही होते. गोखल्यांनी इंग्रजीत बोलावे अशी त्यांची स्वतःची कल्पना. गांधी म्हणाले, मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करीन. गोखले खूप हसले. तुझे हिंदुस्थानी कसे आहे ते मी पाहिले आहे, आता मराठीही जाणतोस काय? पण ऐकले. कोकणातून गेलेल्या त्या मंडळींपुढे कोतळूकच्या माणसाने मराठीत भाषण केले, आणि पुढे झांझिबारपर्यंत जेथे जेथे मराठी जाणणारे भेटले तेथे तेथे ते मराठीतच बोलले. लंडन आणि कलकत्त्याची सभागृहे इंग्रजीने गाजविणाऱ्या माणसास ही सूचना गुजराथ्याने करावी लागली.

पण मुद्दा पुढेच आहे. १४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियात गोखले जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांस भेटले. गांधी मुद्दामच बरोबर गेले नाहीत. परत आल्यावर गोखले म्हणाले, सारे ठरले. काळा कायदा जाणार, आगमनाच्या कायद्यातला रंगभेद जाणार, तीन पौंडांचा कर जाणार. तू वर्षाच्या आत हिंदुस्थानात ये. गांधींनी शंका व्यक्त केली. या मंत्र्यांस आपण ओळखत नाही, मी ओळखतो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९०८ साली स्मट्सने दिलेला तोंडी शब्द त्यांनी एकदा चाखलेला होता.

तोंडी शब्द! श्रोतेहो, येथे आम्हांस आमचीच एक लाज सांगावी लागेल. पंचवीसेक वर्षांपूर्वी या आग्रा रोडच्या पट्ट्यात एक कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तेथे उंच इमारत आहे. अकरा हंगामी कामगारांस कायम करण्याचा प्रश्न होता. व्यवस्थापक सज्जन वाटला. चहा पाजला, हात हातात घेतला, पुढच्या महिन्यापासून करतो म्हणाला. आम्ही बाहेर येऊन गेटवर सांगितले, झाले. पेढे वाटले गेले. दोन महिन्यांनी साहेबाची बदली झाली, नवा साहेब म्हणाला, कागद दाखवा. कागद नव्हता. त्या अकरांतील एक जण आम्हांस मुलुंडच्या पुलावर भेटला तेव्हा तो काही बोलला नाही, नमस्कार करून पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. तेव्हापासून आम्ही सहीवाचून चहाही घेत नाही. म्हणून गोखल्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. एवढ्या थोर माणसाचे जे झाले तेच आमचे, फरक फक्त मापाचा.

१९१३ साली स्मट्सने पार्लमेंटात सांगून टाकले की नाताळच्या गोऱ्यांची हरकत आहे, सबब कर उठविता येत नाही. आणि येथे एक विलक्षण गोष्ट झाली. तोपर्यंत तीन पौंडांचा कर हा सत्याग्रहाचा विषयच नव्हता. एकदा सुरू केलेल्या लढ्यात मध्येच नवी मागणी घुसडावयाची नाही, हा गांधींचा नियम. पण गोखल्यांस, म्हणजे हिंदुस्थानास, दिलेले वचन मोडले, तेव्हा ती मागणी घेण्याची वाट मोकळी झाली. जो शब्द कागदावर नव्हता तोच मोडल्याने मजूर या लढ्यात आले. ज्यांस पाच शिलिंगांची वर्गणी परवडत नव्हती ते.

गोखल्यांनी पत्र लिहून विचारले होते, तुझ्याजवळ लढणारी माणसे किती? गांधींनी उत्तर धाडले: जास्तीत जास्त ६६, कमीत कमी १६. आम्हांस हे उत्तर फार आवडते. आम्ही स्वतः अशा प्रश्नास कधीही खरे उत्तर दिलेले नाही.

१४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि सरकारदप्तरी न नोंदलेले विवाह कायद्याने विवाह नव्हेत. हिंदी स्त्रिया एका लेखणीच्या फटक्यात रखेल्या ठरल्या. मग त्या लढ्यात उतरल्या. पहिल्या तुकडीत कस्तुरबा होत्या. सप्टेंबरात सरहद्द ओलांडताना पकडल्या गेल्या, तीन महिने सक्तमजुरी. त्यांस कोठे ठेवले? मॅरित्सबर्गच्या तुरुंगात. ट्रान्सवालच्या बायकांची दुसरी तुकडी न्यूकॅसलला गेली, कोळशाच्या खाणीतल्या मजुरांत हिंडली, कराची गोष्ट त्यांस सांगितली, आणि खाणी बंद पडल्या. त्या बायकाही मॅरित्सबर्गच्याच तुरुंगात आल्या. अन्न निकृष्ट, काम कपडे धुण्याचे. वल्लियम्मा नावाची कोवळी मुलगी त्या तुरुंगातून ताप घेऊन बाहेर पडली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने या गावी एक रात्र थंडीत काढली होती; बायकोने तीन महिने काढले. नवऱ्याच्या रात्रीची पाटी स्टेशनावर आहे.

खाणवाल्यांनी संपकऱ्यांच्या चाळींचे दिवे आणि पाणी तोडले. मालकाच्या घरात राहून मालकाशी लढता येत नाही, हे गांधींनी ओळखले, आणि मजुरांस सांगितले: खोल्या सोडा, अंगावरचे कपडे आणि कांबळी, एवढेच घेऊन या. ते आले. बायकामुलांसह, डोकीवर गाठोडी घेऊन, शेकड्यांनी. न्यूकॅसलहून चार्ल्सटाउनपर्यंत छत्तीस मैल चालत. माणशी रोजचा शिधा दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. ६ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडली तेव्हा मोजदाद केली होती: २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया, ५७ मुले. वाटेत दोन तान्ही मुले दगावली, आया पुढे चालत राहिल्या. गांधींस चार दिवसांत तीनदा पकडले. लोक थांबले नाहीत. १० तारखेस बाल्फोर स्टेशनावर तीन खास गाड्या उभ्या करून या सर्वांस त्यांत कोंडले आणि नाताळात परत आणले. खाणींच्या आवारासच तारेचे कुंपण घालून तुरुंग ठरविले, खाणीचे मुकादम झाले वॉर्डर, आणि कोळसा काढण्याची शिक्षा. मालकासही असे कधी सुचले नसते, सरकारने सुचविले. तोवर किनाऱ्यावरचे उसाचे मळेही बंद पडले होते. काही ठिकाणी गोळ्या चालल्या, माणसे मेली. ती माणसे कोणत्याही संघटनेची सभासद नव्हती, त्यांच्या नावे एक पावतीही फाडलेली नव्हती.

त्याच १९१३ सालच्या जूनमध्ये त्याच पार्लमेंटने जमिनीचा कायदा करून आफ्रिकन लोकांस आपल्याच देशातल्या सुमारे सात टक्के जमिनीवर कोंडले. त्यांची काँग्रेस आदल्या वर्षी, ८ जानेवारी १९१२ रोजी, ब्लूमफाँटेनला स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष जॉन डुबे यांची शाळा गांधींच्या फिनिक्स आश्रमाच्या शेजारीच. शेजार होता, एक लढा नव्हता. तो एक व्हावयास आणखी तीस-चाळीस वर्षे जावी लागली.

शेवटी सरकार नमले. चौकशी समिती बसली, वाटाघाटी झाल्या, आणि १९१४ च्या कायद्याने कर गेला, विवाह मान्य झाले. या वेळी मात्र गांधींनी तोंडी शब्दावर भागविले नाही. कायद्याबाहेर राहिलेल्या बाबींवर ३० जून १९१४ रोजी त्यांच्यात आणि स्मट्समध्ये पत्रांची देवघेव झाली. तो पत्रव्यवहार आम्ही कार्यकर्त्यांच्या शिबिरात वाचून दाखवितो. मजकुरासाठी नव्हे, त्यावर तारीख आणि सही आहे म्हणून.

मॅरित्सबर्गने पुढे या उतारूस पोटात घेतले. शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९३ च्या जूनमध्ये, डेस्मंड टुटूंनी तेथे चर्च स्ट्रीटवर त्यांच्या पुतळ्याचे अनावरण केले. १९९७ च्या एप्रिलात अध्यक्ष नेल्सन मंडेला स्वतः त्या गावी गेले आणि नगराचे मानपत्र मृत गांधींस अर्पण केले. मंडेलांनाही ते गाव परके नव्हते. १९६२ साली ते पकडले गेले ते तेथून जवळच, हॉविकच्या रस्त्यावर, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षे सुटले नाहीत.

१८ जुलै १९१४ रोजी गांधी, कस्तुरबा आणि कॅलनबाक केपटाउनहून बोटीने विलायतेस निघाले. गोखले तेव्हा तिकडे होते, त्यांस भेटून मग घरी यावयाचे असा बेत. महायुद्ध आडवे आले, भेट लांबली; मुंबईस पाय लागले ते ९ जानेवारी १९१५ रोजी, आणि पुढच्या महिन्यात, १९ फेब्रुवारीस, गोखले गेले. केपटाउनच्या त्या बोटीचे तिकीट तिघांनीही तिसऱ्या वर्गाचे काढले होते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखविले आहे. ठाण्याकडे जाणारी धीमी गाडी दहा मिनिटांत येईल आणि आपल्यातले पुष्कळ जण तिने जाणारे आहेत. चिटणिसांपाशी पावतीपुस्तक आहे. ज्यांची व्याख्यानमालेची वर्गणी राहिली असेल त्यांनी ती देऊन, पावती घेऊनच जावे.